अर्थ सांगणारी

"थांब," ढेपे बाई म्हणाल्या.

मला थांबता येत नव्हतं. धडा एकदा सुरू झाला की तो संपेपर्यंत मी धड श्वाससुद्धा घेत नसे. बाई दुसऱ्यांदा "थांब" म्हणाल्या तोवर मी पान उलटून पुढच्या परिच्छेदात शिरले होते. शेवटी त्यांनी पुस्तकावर हातच ठेवला.

"अगं, थांब की! गाडी चुकायलीय का तुझी?"

वर्ग खदखदला. मला राग आला. चौथीच्या वर्गात, चौथीच्याच काय, सगळ्या शाळेत माझ्यासारखं वाचणारं कुणी नव्हतं. परिपाठाला बातम्या मी वाचायची. इन्स्पेक्टर साहेब आले की मलाच उभं करायचे. आणि ही कालपरवा बदलून आलेली बाई मला थांब म्हणते!

"छान वाचतेस," बाई म्हणाल्या. "आता सांग, काय झालं या धड्यात?"

मी पुस्तक उघडलं आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरू केलं.

"वाचू नको. सांग."

मग मी पुस्तक मिटलं आणि तेच पाठ म्हणायला लागले. बाईंनी कपाळाला हात लावला नाही, ओरडल्याही नाहीत. त्या माझ्या बाकाशी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "राजमणी, हे सगळं तू मला वाचून दाखवलंस. पण याचा अर्थ काय?"

मला खरंच कळेना, या मला का विचारतायत. मी सरळ सांगून टाकलं, "बाई, मी वाचणारी. अर्थ सांगणारे वेगळे असतात."

या वेळी वर्गात कुणी हसलं नाही. उलट दोन-चार माना हलल्या. आमची शाळा सोलापूरच्या पूर्व भागातली, म्युन्सिपाल्टीची. वर्गातली निम्मीअधिक पोरं आमच्यासारखी कापड विणणाऱ्या मागवाल्यांच्या घरातली, घरी तेलुगू बोलणारी. श्रावणात गल्लीतल्या देवळात पोथी लागायची. नरसय्या मामा वाचायचे आणि सायबण्णा तात्या अर्थ सांगायचे. नरसय्या मामांना अर्थ विचारायची कुणाची टाप नव्हती, आणि त्यांना तो येत होता की नाही देव जाणे. त्यांचं काम एकच, न अडखळता वाचायचं. अडखळले की बायका कानाला हात लावायच्या. मी मामांच्या मांडीला मांडी लावून बसत असे. वाचायचं कसं हे मी तिथंच शिकले होते, आणि माझ्या बुद्धीप्रमाणे अगदी बरोबर शिकले होते.

बाईंनी हे सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता रागावतील. तर त्यांचे डोळे चमकायला लागले.

"असं होय! मग ठीकच आहे. आजपासून तू अर्थ सांगणारी. वाचणारी दुसरी बघू." त्यांनी वर्गभर नजर फिरवली. "जैबुन, ये गं."

जैबुन! अहो, जैबुन म्हणजे आमच्या वर्गातली सगळ्यात रखडत वाचणारी पोरगी. बोट अक्षरावर ठेवून एकेक अक्षर उचलायची. तिचं एक वाक्य होईपर्यंत माणसानं चहा करून प्यावा. बाईंनी आम्हा दोघींना खिडकीजवळच्या बाकावर बसवलं, जैबुनच्या हातात एक गोष्टीचं पुस्तक दिलं आणि मला बजावलं, "तू पुस्तकाकडे बघायचं नाही. ती वाचेल, तू ऐकायचं आणि मला सांगायचं. मराठीत सांग, तेलुगूत सांग, हातवारे करून सांग."

"बाई, तुम्हाला तेलुगू कुठं येतं?"

"नाही येत. म्हणूनच तुला नीट सांगावं लागेल."

पहिले काही दिवस मी जैबुनला मनातल्या मनात काय काय शिव्या दिल्या ते इथं सांगत नाही. "स...मु...द्रा...त," ती म्हणायची आणि थांबायची. मी ताटकळायची. "ए...का... बे...टा...वर." पुन्हा थांबायची. पण करणार काय? त्या थांबण्यात मला दुसरं कामच नव्हतं. मग हळूहळू माझं डोकं चालायला लागलं. बेट म्हणजे काय असेल? समुद्रात आहे म्हणतेय, म्हणजे पाण्यात. पाण्यात कुणी राहील कसं? की पाण्यातून वर आलेली जमीन? जैबुनचं पुढचं अक्षर यायच्या आत मला वाटायला लागलं की आता अमुक होणार, आणि तसं झालं की मी टुणकन उडायची. नाही झालं की आणखीच मजा.

"असं कसं झालं?" मी विचारायची.

"मला काय माहीत? थांब की, वाचते," जैबुन म्हणायची, आणि माझ्या घाईनं ती बिचारी जरा लवकर वाचायला लागली. मी तिला शिकवलं नाही, तिनं मला शिकवलं नाही. पण ती वर्षअखेरीला घडघडा वाचायला लागली आणि मी, काय सांगू, मी थांबायला शिकले.

बाई रोज एकच शब्द विचारायच्या. मी काहीही सांगितलं की म्हणायच्या, "कशावरून?"

"बाई, तो म्हातारा चांगला होता."

"कशावरून?"

"बाई, तिला भीती वाटत होती."

"कशावरून? लिहिलंय का तसं?"

नसायचं लिहिलेलं. लिहिलेलं असायचं की तिनं दार दोनदा लावून बघितलं. मग मी म्हणायची, दार दोनदा लावून बघितलं त्यावरून. आणि बाई अशा हसायच्या की त्या हसण्यासाठी मी आणखी दहा गोष्टी ऐकल्या असत्या.

घरी अम्मा आणि शेजारच्या दोघीतिघी दुपारभर ओट्यावर बसून बिड्या वळायच्या. पाठीमागच्या घरातली पोचव्वा तोंडानं फार तिखट. मी शाळेतून आले की त्या मला म्हणायला लागल्या, "काय गं, आज काय झालं त्या बेटावर?" मी दप्तर टाकून तेलुगूत सुरू करायची.

त्या बेटावरची गोष्ट अशी होती. समुद्रातल्या बेटावर एक दीपगृह. तिथं एक रखवालदार आणि त्याची लहान मुलगी, दोघंच. एका वादळी रात्री बाप तापानं फणफणलेला. मुलगी एकटी जिना चढून गेली, दिवा लावला आणि पहाटेपर्यंत विझू दिला नाही. सकाळी कोळी मासे घेऊन आले. म्हणाले, "काल दिवा होता म्हणून आम्ही वाचलो. कुणी लावला?" रखवालदार म्हणाला, "मीच." मुलगी दारात उभी होती. ती हसली आणि पाणी आणायला आत गेली. संपली गोष्ट.

"बघा!" पोचव्वानं सूप आपटलं. "मेल्या पुरुषांची जातच तसली. राबली पोरगी आणि मिशीवर ताव बापाचा!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. अम्मा मात्र हातातल्या पानावरची नजर न काढता म्हणाली, "तसं नसेल. नोकरी जाईल ना त्याची. आजारी माणसाला कोण ठेवतो?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी धावत जाऊन बाईंना सांगितलं, "बाई, अम्मा असं म्हणते. पण पुस्तकात तसं लिहिलेलं नाही."

"सगळंच लिहीत बसले तर पुस्तक उचलायला हमाल लागेल," बाई म्हणाल्या. "अम्मा म्हणते ते कशावरून, ते शोध."

जैबुननं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आणि सापडलं! सुरुवातीलाच एक ओळ होती. मागल्या वर्षी शेजारच्या बेटावरचा रखवालदार आजारी पडला तेव्हा आठवड्याच्या आत त्याच्या जागी दुसरा माणूस आला होता. ही ओळ मला बिनकामाची वाटली होती, म्हणून मी ती ओट्यावर सांगितलीच नव्हती. आणि अम्मानं ती न ऐकता ओळखलं होतं. त्या दिवशी मला आईचा जो अभिमान वाटला तो आजवर उतरला नाही.

आता नायनांचं सांगते. नायना म्हणजे माझे वडील, यल्लय्या येमूल. यंत्रमागावर कामाला होते. मराठी वाचता येत नव्हतं, पण पोरीनं मराठी शाळेतच शिकावं हा हट्ट त्यांचाच. कारखान्यातलं कुणी घरी आलं की ते कालचा पेपर माझ्यापुढे टाकायचे. "वाच गं!" मी भराभरा वाचायची, पाहुणा तोंडात बोट घालायचा आणि नायना माझ्याकडे असे बघायचे की जणू मीच कलेक्टर झाले.

पण त्या हिवाळ्यात नायनांचा स्वभाव बदलला होता. लहानसहान गोष्टींवरून चिडायचे. मला लहानपणापासून त्यांच्या ताटात जेवायची सवय, तर ते ताट उचलून भिंतीकडे तोंड करून बसायला लागले, पाण्याचा पेलाही वेगळा ठेवायला लागले. "एवढी घोडी झालीस, आपलं आपलं जेव." मला फार लागलं ते.

अशातच एका संध्याकाळी कारखान्यातले राजेशम मामा आले आणि पेपर पुढे आला. मी वाचायला लागले आणि दुसऱ्याच ओळीला थांबले. पाणीकपातीची बातमी होती. एके ठिकाणी म्हटलं होतं पाणी भरपूर आहे आणि खाली म्हटलं होतं दिवसाआड येणार. मी मागं जाऊन पुन्हा वाचलं. पुढे गेले, पुन्हा थांबले.

"काय झालं?" नायना म्हणाले.

"जुळत नाही."

"जुळायचं काय त्यात? वाच!"

मी वाचलं, पण आता मला पूर्वीसारखं धावता येईना. राजेशम मामा समजुतीनं म्हणाले, "असू दे, दमली असेल पोर." ते गेल्यावर नायनांचा पारा चढला.

"नवी बाई आली आणि पोरीचं वाटोळं केलं! कशी वाचत होती, झऱ्यासारखी. आता शब्दाशब्दाला अडखळते. बास झालं. चौथी होऊ दे की न होऊ दे. उद्याच जाऊन नाव काढतो. अम्माशेजारी बस आणि पानं काप."

मी रडून आकांत केला. अम्मानं एकदा तोंड उघडलं, "अहो, पाचवीला मोठ्या शाळेत घालणार होता ना तुम्ही?" त्यावर नायना फक्त म्हणाले, "होतो." माझ्या थोरल्या बहिणीचं नाव असंच चौथीत काढलं होतं. ती सासरी बिड्याच वळत होती. नाव एकदा काढलं की ते परत लागत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी नायना खरंच शाळेत आले. जिना चढून आले आणि दाराच्या चौकटीला धरून खोकत जरा वेळ नुसते उभेच राहिले. मग तोडक्यामोडक्या मराठीत म्हणाले, "बाई, पोरगीचं नाव काढून द्या."

"का हो?"

"मागं पडली की ओ. वाचायला येईना झालंय. घरी हात पायजे कामाला."

"ती मागं पडली म्हणून, की हात पाहिजे म्हणून?" बाईंनी विचारलं.

बाईंनी वाद घातला नाही, शिक्षणाचं महत्त्वही सांगितलं नाही. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि मला म्हणाल्या, "राजमणी, नायनांना बेटावरची गोष्ट सांग. त्यांच्या भाषेत. मग ते म्हणतील तसं करू."

मी नायनांच्या पुढ्यात उभी राहून सांगायला लागले. गोष्ट सुरू झाली आणि माझी भीती पळाली. शेजारच्या बेटाची ओळसुद्धा या वेळी विसरले नाही. वादळ सांगितलं, ताप सांगितला, जिना सांगितला. नायना खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते.

"मग तो म्हणाला, मीच लावला," मी म्हणाले. "नायना, तो खोटं का बोलला असेल?"

नायनांनी क्षणभरही विचार केला नाही. ओट्यावर एकट्या अम्माला जे सुचलं होतं ते त्यांच्या तोंडातून आपसूक बाहेर पडलं. "आजारी आहे म्हटलं की काढलंच असतं की त्याला. मग पोरीचं कोण बघणार होतं? तिला जिना चढायला यायला लागलं, एवढंच त्याला बरं वाटलं असेल."

"काय म्हणाले?" बाईंनी विचारलं.

मी मराठीत सांगायला तोंड उघडलं. "बाई, ते म्हणतात, आजारी आहे म्हटलं की..." आणि मी मध्येच थांबले.

जिना चढायला यायला लागलं एवढंच बरं वाटलं असेल. हे पुस्तकात नव्हतं. अम्माही असं म्हणाली नव्हती. मग हे नायनांना कुठून सुचलं? कशावरून? आणि माझ्या डोक्यात एकेक गोष्ट येऊन उभी राहायला लागली. भिंतीकडे तोंड करून जेवणारे नायना. वेगळा ठेवलेला त्यांचा पेला. दिवसपाळी असताना आत्ता, भरदुपारी, शाळेत. चौकटीला धरून उभं राहणं. अम्माशेजारी बस, पानं काप, आत्ताच, लगेच.

"नायना," मी तेलुगूत म्हणाले, "तुम्हाला काय होतंय?"

"मला? मला काय होणार? मागाची धूळ जाते छातीत, म्हणून खोकला आहे."

"मग माझ्याबरोबर जेवत का नाही?"

"राजी, गप बस."

"मी मागं पडले म्हणून नाव काढत नाही तुम्ही. तुम्हाला बरं नाही म्हणून काढताय."

वर्गातल्या तेलुगू पोरांना सगळं कळत होतं, बाईंना एक अक्षर कळत नव्हतं. पण नायनांचा चेहरा वाचायला भाषा लागत नव्हती. त्यांनी खांद्यावरचा पंचा तोंडाशी नेला आणि त्यांना जी उबळ आली ती थांबेचना. बाई झटकन उठल्या. पंचा खाली आला तेव्हा त्यावर लाल ठिपके होते.

"किती दिवस?" बाईंनी विचारलं.

"दिवाळीपासून," नायना मराठीत म्हणाले. मग माझ्याकडे बघून तेलुगूत, अगदी हळू म्हणाले, "अम्माला सांगू नको. मालकाला कळलं तर माग दुसऱ्याला जाईल. म्हटलं, माझं काही झालं तर तुझ्या हाताला काम असावं." आणि माझे नायना, ज्यांच्या आवाजानं गल्लीतली कुत्री बाजूला व्हायची, ते पोरांच्या समोर रडायला लागले. मी त्यांच्या गळ्यात पडले. त्यांनी मला ढकललं, "लांब हो, लांब हो, तुलाही हा रोग लागेल," आणि तेव्हा मला ताटाचंही कोडं पुरतं सुटलं. माझ्यावर राग नव्हता तो. मला जपत होते.

बाईंनी वर्ग शेजारच्या गुरुजींच्या हवाली केला, रिक्षात नायनांना बसवलं आणि वाटेत अम्माला घेऊन थेट सरकारी दवाखाना गाठला. टीबी होता. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस असेच काढले असते तर आम्ही काही करू शकलो नसतो. औषधं दवाखान्यातून फुकट मिळत होती, फक्त एक दिवसही चुकवायची नव्हती. आम्हा सगळ्यांना तपासलं, कुणालाही लागण नव्हती. अम्मा त्या दिवशी नायनांना जे बोलली ते पोचव्वासुद्धा बोलली नसती. "मला न सांगायला मी काय मालक होते का?" एवढंच त्यातलं सांगण्यासारखं आहे.

मालकानं माग दुसऱ्याला दिलाच. काही महिने आमचं घर अम्माच्या बिड्यांवर चाललं. शाळेतून आले की मीही तिच्याशेजारी बसून पानं कापायची, त्याला ना नव्हती. पण नाव काढायचा विषय पुन्हा घरात निघाला नाही. नायना खाटेवर पडून ऐकायचे आणि मी शाळेतली गोष्ट सांगायची. त्यांना एक खोड लागली. गोष्ट संपली की म्हणायचे, "पुन्हा सांग, मधलं काहीतरी गाळलंस तू." आणि खरंच गाळलेलं असायचं.

नायना बरे झाले. राजेशम मामांनी शब्द टाकून दुसऱ्या कारखान्यात लावलं. पुढे त्यांनी माझं लग्न केलं, माझी मुलं खांद्यावर खेळवली. आज मी त्या दिवसांकडे बघते तेव्हा वाटतं, ढेपे बाईंनी मला अर्थ सांगायला बसवलं नसतं तर मी नायनांपुढे ती गोष्ट फाडफाड वाचून दाखवली असती, ते खूश झाले असते, आणि आम्ही त्यांना गमावलं असतं. हे ऋण मी कुणाचं कुणाचं मानू? बाईंचं मानते. अम्माचं मानते. जैबुनचं तर रोज मानते.

त्याच वर्षी जूनमध्ये मोठ्या शाळेत पाचवीच्या प्रवेशासाठी नायना स्वतः मला घेऊन गेले. अंगावर इस्त्रीचा सदरा, केसांना तेल. ढेपे बाई मुद्दाम सोबत आल्या होत्या. तिथल्या मुख्याध्यापिका कडक. त्यांनी माझ्यापुढे एक उतारा ठेवला. मी वाचायला लागले. एका ओळीशी थांबले, मागं गेले, पुन्हा वाचलं आणि पुढे निघाले.

मुख्याध्यापिकांनी भुवया वर केल्या. "वाचन फारच सावकाश दिसतंय हिचं."

ढेपे बाई काही बोलणार तेवढ्यात नायना खुर्चीतून उठले. ते मराठीत बोलायला नेहमी लाजायचे. त्या दिवशी लाजले नाहीत. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले,

"म्याडम, हिला घाई करू नका. ही हळू वाचती म्हणून आज मी जिता आहे."